‘विमान कोसळले’ असा मथळा देण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी, २५ जुलै रोजी, सकाळी साडेअकराच्या सुमारास इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे बारामतीहून उड्डाण केलेले एक शिकाऊ विमान शेतात उतरले आणि त्याची बरीच मोडतोड झाली. विमानात एकटीच असलेल्या शिकाऊ वैमानिक मुलीला किरकोळ दुखापत झाली आणि गावकरी तिच्या मदतीला धावून गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी दिलेल्या माहितीत एवढेच सांगितले आहे की, सेसना १५२ जातीचे हे विमान एकट्याने करावयाच्या लांब पल्ल्याच्या सरावावर होते आणि बारामती पंधरा सागरी मैलांवर असताना त्याच्या इंजिनाची ताकद गेली. एवढ्या मजकुरावर जे मथळे झाले, त्यांत ‘कोसळले’ हे क्रियापद बहुतेक सर्वांनी वापरले आणि त्याच्या जोडीला ‘सुदैवाने बचावली’ हेही लिहिले. आपले दैनिकही त्याला अपवाद नव्हते. लहान विमानांच्या इंजिनांची देखभाल करण्यात माझी एकतीस वर्षे गेली असल्याने या दोन शब्दप्रयोगांविषयी काही लिहावे असे वाटले. पत्र लांबले आहे; ते कापून छापण्याचा अधिकार अर्थातच आपला आहे.

बातमी वाचून आमच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारले, “विमानातली वीज गेली म्हणजे नेमके काय झाले हो?” इंग्रजी निवेदनातील ‘पॉवर लॉस’चा त्यांनी लावलेला हा अर्थ होता. मी त्यांना सांगितले की, वीज गेली असती तर एकवेळ चालले असते. या जातीच्या विमानात इंजिनाच्या ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिनाला जोडलेले दोन मॅग्नेटो फिरता फिरता स्वतःच ठिणगी तयार करतात आणि चारही सिलिंडरांना प्रत्येकी दोन प्लग असतात, म्हणजे एक मॅग्नेटो निकामी झाला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहते. येथे गेली ती इंजिनाची ताकद, म्हणजे पंखा फिरवून विमानाला पुढे ओढण्याचे बळ. ते पूर्ण गेले की अर्धे गेले, एकदम गेले की खोकत खोकत गेले, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. पण बातमीत हा तपशील सहसा येत नाही.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि ‘कोसळले’ या शब्दाच्या मुळाशी तीच आहे. वस्तुस्थिती अशी की, विमानाला तोलून धरतात ते त्याचे पंख, आणि पंखांना त्यांच्यावरून वाहणारी हवा पुरते. खंडाळ्याचा घाट उतरणारा सायकलस्वार पायडल न मारताही वेगाने जात राहतो, कारण उतार त्याला वेग देत असतो. बंद इंजिनाचे विमान हेच करते. नाक किंचित खाली करून ते उंची खर्च करते आणि तिच्या मोबदल्यात वेग राखते. सेसना १५२ साठी हा वेग साठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर आहे आणि तो राखल्यास वारा नसताना दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, अंतर कापता येते. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हाती साडेचार मिनिटे आणि चहूबाजूंनी आठ-साडेआठ किलोमीटरचा मुलूख असतो. पंधरा सागरी मैल म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटर. बारामतीची धावपट्टी त्या मुलुखाच्या कितीतरी बाहेर होती, म्हणून कुठल्या तरी शेतात उतरणे हा एकच मार्ग उरला होता. अशा उतरण्याला आमच्या क्षेत्रात ‘फोर्स्ड लँडिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘सक्तीचे अवतरण’ म्हणावे की साधे ‘नाइलाजाने उतरवले’ म्हणावे, हे आपल्यासारख्या भाषेच्या जाणकारांनी ठरवावे. पण त्यात ‘उतरणे’ असावे, एवढे माझे मागणे आहे.

ती साडेचार मिनिटे कशात जातात, हे सांगितल्याशिवाय हे मागणे समजणार नाही. प्रथम वेग साठावर आणायचा. मग जागा निवडायची. मग इंजिन पुन्हा चालू होते का ते पाहायचे: कार्बोरेटर हीटचा, म्हणजे इंधन व हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारा, दांडा ओढायचा, इंधनाचा कॉक उघडा आहे ना, मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारा दांडा) पुढे आहे ना, मॅग्नेटोची किल्ली दोन्हींवर आहे ना, हे बघायचे. नाहीच झाले तर रेडिओवरून ‘मेडे’ हा संकटाचा इशारा द्यायचा आणि उतरण्याआधी मिक्श्चर मागे ओढून, इंधनाचा कॉक व मॅग्नेटो बंद करायचे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली घ्यायचे, मुख्य स्विच बंद करायचा आणि दारांच्या कड्या सोडून ठेवायच्या, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकून बसत नाही. शेपटी किंचित खाली ठेवून चाके टेकवायची आणि ब्रेक जोरात दाबायचे. हा क्रम विमानाच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि इन्स्ट्रक्टर तो विद्यार्थ्याकडून अक्षरशः घोकून घेतात. मी ज्या फ्लाइंग क्लबात काम केले, तेथील एक जुने इन्स्ट्रक्टर गप्पा मारता मारता अचानक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढत आणि शांतपणे विचारत, “गेलं इंजिन. आता कुठे उतरणार?” विद्यार्थ्याने ‘धावपट्टीवर’ असे उत्तर दिले की त्या दिवशी त्याची धडगत नसे.

जागा निवडणे ही यातील सर्वांत अवघड गोष्ट, आणि येथे शहरी वाचकापेक्षा शेतकरी वाचकाला माझे म्हणणे लवकर पटेल. आकाशातून सपाट दिसणारे रान सपाट नसते. बांध दिसत नाहीत, विहिरीचे तोंड दिसत नाही आणि विजेच्या तारा तर अगदी शेवटपर्यंत दिसत नाहीत. म्हणून तारा शोधू नका, खांब शोधा, असे शिकवतात. जुलैच्या अखेरीस इंदापूर-बारामती भागात पाटाखालच्या जमिनीत ऊस उभा असतो आणि जिराईत रानात बाजरी नुकती वर आलेली असते. उंच उसात विमान टेकवले तर पीक चाकांना व पंखांना धरते आणि विमान उलटते. ओल्या नांगरटीत पुढचे चाक रुतते आणि विमान नाकावर उभे राहते. नांगरलेले रान घ्यावेच लागले तर तासांच्या, म्हणजे नांगराच्या ओळींच्या, दिशेने उतरायचे, तासांना आडवे कदापि नाही. कडबनवाडी हे नाव पक्षीनिरीक्षकांना तेथील माळरानासाठी ठाऊक आहे. तेथे चिंकारा दिसतात. वरून हा मुलूख मोकळा आणि सोयीचा वाटेल, पण माळाला उतार असतो, ओघळी असतात, मुरमात मोठे दगड असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचा वारा. पावसाळ्यात तो आपल्याकडे पश्चिमेचा आणि बऱ्यापैकी जोराचा असतो. समजा विमान पंचेचाळीस नॉटने टेकणार आहे आणि वारा पंधरा नॉटचा आहे. वाऱ्याच्या तोंडावर उतरल्यास जमिनीशी गाठ पडते तेव्हाचा वेग तीस नॉट राहतो, तर वारा पाठीवर घेतल्यास तो साठ होतो. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. खरचटण्यावर निभावणे आणि जीव जाणे यांतील अंतर अनेकदा या एका हिशेबात असते. तो एका विशीतल्या विद्यार्थ्याला, पहिल्या काही एकट्या उड्डाणांत, इंजिनाचा ओळखीचा आवाज अचानक थांबलेला असताना करायचा असतो. यात सुदैवाचा वाटा नसतोच असे मी म्हणणार नाही. पण ‘सुदैवाने बचावली’ असे लिहिले की त्यापूर्वीचे सारे शिक्षण, इन्स्ट्रक्टरांचा छळवाद आणि त्या काही मिनिटांतील निर्णय हे सर्व एका शब्दात पुसले जाते.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, असे वाटण्याचे मला आणखी एक कारण आहे. इंजिन गेल्यावर छोट्या विमानातील माणसे मरतात ती शेतात उतरल्याने क्वचित. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले असताना मागे वळून धावपट्टी गाठण्याच्या धडपडीत त्याहून अधिक वेळा मरतात. वैमानिक या वळणाला ‘इम्पॉसिबल टर्न’ म्हणतात. सहा-सातशे फुटांवर इंजिन थांबलेले असते, समोर वस्ती किंवा झाडी दिसत असते आणि पाठीमागे, अगदी जवळ, सुरक्षित धावपट्टी असते. वळण्याचा मोह कोणालाही होईल. पण ते वळण नुसते अर्धे वर्तुळ नसते. वळताना विमान धावपट्टीच्या बाजूला सरकते, म्हणून तिच्या रेषेत परत येण्यासाठी आणखी वळावे लागते. विमान जितके कलते तितका पंखांवरचा भार वाढतो आणि ज्या वेगाला पंखांवरची हवा सुटून ते विमानाला तोलून धरेनासे होतात, ज्याला स्टॉल म्हणतात, तो वेगही वाढतो. पंचेचाळीस अंश कलल्यास सुमारे एकोणीस टक्क्यांनी, साठ अंश कलल्यास एकेचाळीस टक्क्यांनी. त्यात जमीन जवळ येताना दिसली की हात नकळत नाक वर करणारा दांडा मागे ओढतो आणि वेग आणखी घटतो. मग एक पंख आधी पडतो आणि विमान गोल फिरत खाली येते. संपादक महोदय, ते खरे कोसळणे. त्यासाठी हा शब्द राखून ठेवावा. जो शेतात उतरला त्यालाही ‘कोसळला’ म्हणायचे आणि जो वळणात पडला त्यालाही, तर उद्या थ्रॉटल हाती घेणाऱ्या मुलामुलींच्या मनात शेत म्हणजे अपयश आणि धावपट्टी म्हणजे सुटका, ही समजूत घट्ट होत जाते. घरच्यांनी वर्तमानपत्रात काय वाचले असेल याचा विचार त्या क्षणी कोणी करत नसेल, हे मला समजते. पण लहानपणापासून वाचलेले शब्द कोठे तरी काम करत असतातच.

याच संदर्भात एक परदेशी उदाहरण देतो, कारण त्यातील वैमानिकाचे नाव आपल्या वाचकांना ठाऊक आहे आणि त्या अपघाताचा तपास अखेरपर्यंत झालेला आहे. ५ मार्च २०१५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका विमानतळावरून हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड यांनी स्वतःच्या मालकीच्या छोट्या विमानातून एकट्याने उड्डाण केले. रायन पीटी-२२ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, लष्करी वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेले, उघड्या कॉकपिटचे विमान होते. फोर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्यांनी इंजिन पुन्हा चालू करण्यात वेळ दवडला नाही. वेग ताशी पंच्याऐंशी मैलांवर राखला आणि डावीकडे विमानतळाच्या दिशेने वळण घेतले. येथे माझ्या वरच्या परिच्छेदावर कोणी बोट ठेवील, आणि ते योग्यच आहे: तेही वळलेच. पण धावपट्टीपर्यंत पोहोचत नाही हे लक्षात येताच त्यांनी तिचा हट्ट सोडला आणि अलीकडच्या पेनमार गोल्फ मैदानाची मोकळी जागा धरली. वेग शेवटपर्यंत राखलेला असल्याने विमान हातात राहिले. वाटेत एका झाडाच्या शेंड्याला धडकून ते मैदानावर आदळले आणि फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले. जमिनीवरील कोणालाही इजा झाली नाही. मैदानाच्या चहूबाजूंना दाट वस्ती आहे.

त्या दिवशीच्या बातम्यांत नायकाच्या शौर्याचे पुष्कळ कौतुक झाले. मला मात्र त्यानंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दिलेला अहवाल अधिक मोलाचा वाटतो. इंजिन का गेले? कार्बोरेटरच्या आत इंधनाचे प्रमाण ठरवणारे एक छोटे पितळी तोंड असते. आम्ही त्याला मेन जेट म्हणतो. ते आट्यांवर बसवलेले असते. या विमानातील जेट आपल्या जागेवरून सुटून आडवे झाले होते, त्यामुळे गरजेपेक्षा कितीतरी अधिक इंधन आत जाऊ लागले आणि इंजिन गुदमरले. आपल्याकडील जुन्या स्कूटरच्या मालकांना ‘ओव्हरफ्लो’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. हे विमान अपघाताच्या सुमारे सतरा वर्षे आधी पुन्हा नव्याने उभे केले गेले होते आणि कार्बोरेटर तेव्हा दुरुस्त केला होता. त्यानंतर हे जेट घट्ट आहे ना, हे अधूनमधून पाहावे, अशी कोणतीही सूचना देखभाल करणाऱ्याच्या हाती नव्हती. ते बहुधा हळूहळू, वर्षानुवर्षे, ढिले होत गेले. अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली: खांद्यावरून येणारा पट्टा बसवताना त्याचा आधार नीट मजबूत केलेला नव्हता आणि त्यामुळे दुखापत वाढली. म्हणजे एक सुटलेले जेट आणि एक नीट न बसवलेला पट्टा, एवढा हा सारा मामला. एखाद्या देखभाल अभियंत्याने हे वाचले की तो दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरमध्ये जाऊन आपल्या ताब्यातल्या विमानाचे पट्टे ओढून पाहतो. मी पाहिले असते. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, म्हणून फोन करून पाहायला लावले.

इंजिनाची ताकद जाण्याची कारणे बहुतेक वेळा अशीच क्षुल्लक दिसणारी असतात. मी स्वतः अनुभवलेले एक सांगतो. एका पावसाळ्यात सकाळच्या तपासणीत शिकाऊ मदतनिसाने पंखातील टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढला, काचेच्या भांड्यात धरून उजेडात पाहिला आणि “साफ आहे, पाणी नाही,” असे सांगून तो ओतून टाकणार होता. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि नमुन्यात दोन थरांमधली रेघ दिसते. रेघ नाही म्हणजे पाणी नाही, असे त्याला शिकवलेले होते. पण ही विमाने ज्या पेट्रोलवर चालतात, त्या एव्हगॅस १०० एलएलला फिकट निळा रंग दिलेला असतो आणि त्या भांड्यात निळेपणाचा लवलेश नव्हता. भांडे भरून नुसते पाणी होते, म्हणून रेघ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. टाकीच्या झाकणाची रबरी चकती फाटली होती आणि रात्रभराचा पाऊस सरळ आत गेला होता. ते विमान तासाभराने एका विद्यार्थ्याला घेऊन उडणार होते. सेसना १५२ मध्ये इंधन वरच्या पंखांतून केवळ गुरुत्वाने खाली येते, मध्ये पंप नसतो. जमिनीवर इंजिन नळीतल्या उरलेल्या इंधनावर व्यवस्थित चालले असते आणि पाणी पोहोचले असते ते बहुधा हवेत. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मदतनिसाला पाण्याचे भांडे आणि इंधनाचे भांडे शेजारी धरायला लावत असे.

दुसरे एक कारण आपल्या हवेत फार दुर्लक्षिले जाते: कार्बोरेटरमधला बर्फ. महाराष्ट्रात, तेही जुलैत, इंजिनात बर्फ होतो असे म्हटले की लोक हसतात. काही विद्यार्थीही हसतात. पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, त्याच वेळी इंधनाची वाफ होते आणि या दोहोंमुळे तेथील तापमान वीस-पंचवीस अंशांनी खाली येऊ शकते. बाहेर चोवीस-पंचवीस अंश आणि हवा ओलीचिंब असेल, तर हवेतील बाष्प गळ्यातच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. कोरड्या गोठलेल्या थंडीपेक्षा आपला पावसाळा या बाबतीत अधिक वाईट. विशेषतः थ्रॉटल कमी करून बराच वेळ खाली येताना हे घडते. उपाय साधा आहे, एक दांडा ओढून गरम हवा आत सोडायची. मात्र तो वेळेवर ओढावा लागतो, कारण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गरम हवाही मिळत नाही. आणि याचा पुरावा? तो वितळून जातो. तपास अधिकारी पोहोचेपर्यंत कार्बोरेटर कोरडा ठणठणीत असतो. म्हणून अशा अपघातात त्या दिवशीचे तापमान आणि आर्द्रता यांची नोंद यंत्राच्या तुकड्यांइतकीच महत्त्वाची ठरते. कडबनवाडीला हेच झाले असे मला मुळीच सुचवायचे नाही. कारण शोधणे हे तपास यंत्रणेचे काम आहे आणि तिच्याआधी निकाल देण्याचा मोह माझ्यासारख्या निवृत्तांनी तर जरूर आवरावा.

ही यंत्रणा म्हणजे विमान अपघात तपास ब्यूरो. पूर्वी अपघातांचा तपास महासंचालनालयच करत असे, म्हणजे नियम करणारा आणि पाळले गेले का ते पाहणारा एकच. २०१२ साली हा ब्यूरो वेगळा केला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत यावा, अशी अपेक्षा असते. त्याच परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की, तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, कोणावर ठपका ठेवणे हा नाही. ब्यूरोचे अहवाल सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध होतात, पण ते इंग्रजीत असतात, तांत्रिक असतात आणि ते येतात तेव्हा घटना जुनी झालेली असते. परिणामी ‘विमान कोसळले’ हे लाखो वाचकांनी वाचलेले असते आणि ते का उतरवावे लागले, हे जवळजवळ कोणीच वाचत नाही. शिकाऊ मुलगी, विमान आणि चिखलातला पंख यांची छायाचित्रे तासाभरात घरोघरी पोहोचली. ती कोणत्या गावची, कोणाची, हेही. तिच्या आईवडिलांना त्या दिवशी किती फोन आले असतील याची मी कल्पना करू शकतो. अहवाल येईल तेव्हा त्यांना कोणी फोन करणार नाही.

आता एक मुद्दा ग्रामीण भागातील वाचकांसाठी, जो आपल्या बातमीदाराला पुढच्या वेळी चौकटीत देता येईल. बारामतीच्या आसपासच्या गावांवरून शिकाऊ विमाने रोज जातात, तेव्हा असा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. कडबनवाडीच्या लोकांनी तत्परता दाखवली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र मदतीला जाणाऱ्यांनी काही धोके ओळखले पाहिजेत. पंखांत पेट्रोल असते आणि ते गळत असण्याची शक्यता धरूनच चालावे. विडी-सिगारेट दूरच, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलही जवळ नेऊ नये. विमानाकडे मागच्या बाजूने जावे, पंख्याच्या बाजूने नाही. आणि थांबलेला पंखा हाताने फिरवून पाहण्याचा मोह, जो मुलांना हमखास होतो, तो कोणालाही होऊ देऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. किल्ली चालू राहिली असेल किंवा आतली तार तुटली असेल, तर पंखा हाताने थोडासा फिरवताच इंजिन धडकन पेट घेऊन चालू होऊ शकते. हँगरमध्ये आम्ही पंख्याला नेहमी भरलेल्या बंदुकीसारखे वागवत असू. माणसाला बाहेर काढल्यावर विमानाला, त्यातील कळदांड्यांना आणि विखुरलेल्या तुकड्यांना हात लावू नये, कारण कोणता दांडा कोठे होता, कॉक उघडा होता की बंद, हाच तर पुढे पुरावा असतो. आठवण म्हणून तुकडा घरी नेणारे महाभाग असतात. तो तुकडा कदाचित सुटलेले जेट असू शकेल.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. इंजिन गेल्यावर वैमानिकाने विमान ताब्यात ठेवून जमिनीवर आणले असेल, तर मथळ्यात ‘शेतात उतरवले’ असे लिहावे, मग त्या विमानाचे कितीही नुकसान झालेले असो. विमान ताब्यात होते की नव्हते हे त्या दिवशी कळत नसेल, तर ‘शेतात अपघात’ एवढे पुरे आहे. शिकाऊ वैमानिकाचे नाव-गाव छापण्याची घाई करू नये. आणि कडबनवाडीच्या घटनेचा अंतिम अहवाल प्रसिद्ध होईल, तेव्हा त्याचे सार, जेवढी जागा या आठवड्यात त्या बातमीला दिली तेवढीच जागा देऊन, मराठीत छापावे. अहवालातील तांत्रिक भाग सोप्या मराठीत उतरवून देण्यास मी, प्रकृतीने साथ दिल्यास, विनामूल्य तयार आहे. माझा पत्ता व दूरध्वनी क्रमांक या पत्रासोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
पुणे, ३० जुलै २०२२